फोन तिसऱ्या वर्षासाठी निवडा

प्रिय ताई,

माझा फोन साडेतीन वर्षांचा झाला. सकाळी पूर्ण चार्ज करून निघाले तरी दुपारच्या शिकवणीपर्यंत वीस टक्क्यांवर येतो. फोटो काढायला गेलं की ‘जागा शिल्लक नाही’. आणि मागच्या महिन्यात बँकेच्या ॲपने कळवलं, की या फोनवर ते लवकरच बंद होणार. आता नवा घ्यावाच लागेल. मधल्या किमतीतला फोन येईल एवढे पैसे साठवलेत, त्यावर एक दमडीही नाही, आणि हप्त्याने घ्यायचा नाही हे नक्की.

दीर म्हणतो, दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा बघ. मैत्रीण म्हणते, तेवढ्याच पैशांत दोन वर्षांपूर्वीचा भारीतला फोन मिळतो, तोच घे. विक्रेता सोळा जीबी रॅमचं सांगतो. पंधरा दिवसांत चाळीसेक व्हिडिओ पाहिले असतील, आणि आता पहिल्यापेक्षा जास्त गोंधळले आहे. मी व्हिडिओवर शिकवण्या घेते, मुलांच्या वह्यांचे फोटो काढून तपासते, फोनवर बरंच वाचते, आईशी रोज व्हिडिओ कॉल असतो. गेम खेळत नाही.

आणखी एक. वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे आवाजातले मेसेज जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत. फोन बदलताना ते जातील का?

— एक शिक्षिका

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चाळीस व्हिडिओंत जे सापडलं नाही, ते तुम्ही पहिल्या चार ओळींतच लिहून टाकलं आहे. बॅटरी पुरत नाही, जागा उरली नाही, ॲप चालणार नाही. साडेतीन वर्षांनी तुमच्या फोनने या तीन ठिकाणी हात टेकले. फोटो वाईट येतात अशी तक्रार पत्रात कुठेच नाही. म्हणजे नवा फोन निवडताना दिराच्या आणि विक्रेत्याच्या आधी तुमच्या जुन्या फोनचं ऐकायला हवं.

मधल्या किमतीतला जवळजवळ कुठलाही फोन पहिल्या आठवड्यात छान वाटतो. पडदा चकचकीत असतो, बोट फिरवलं की सरसर सरकतो, फोटो झकास येतात. फरक कळायला लागतो तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. याचं कारण सरळ आहे. तुमचे पैसे जसे मोजके आहेत, तसा त्या किमतीत फोन बनवणाऱ्यालाही खर्च मोजकाच करता येतो. कुठेतरी तो हात सैल सोडतो आणि कुठेतरी आखडतो. जिथे सैल सोडला ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं. जिथे आखडला ते कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. म्हणून पुढे मी बहुतेक विचारायच्याच गोष्टी लिहिते आहे.

सगळ्यात आधी अपडेट. बँकेचं ॲप बंद होतंय ते फोन बिघडला म्हणून नव्हे. ॲप बनवणारे ठरावीक अँड्रॉइड आवृत्तीच्या खालच्या फोनना आधार देणं थांबवतात, आणि तुमच्या फोनला नवी आवृत्ती मिळायची बंद झाली आहे. फोन धडधाकट असूनही निकामी होतो तो असा. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: या मॉडेलला अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्त्या मिळणार, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं? हे दोन वेगळे आकडे असतात. विक्रेता बऱ्याचदा मोठा आकडा सांगून मोकळा होतो, तेव्हा दोन्ही वेगवेगळे विचारा आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र बरंच सुधारलं आहे. गुगलने मे २०२४मध्ये आणलेल्या पिक्सेल ८ए या मधल्या फोनला सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. सॅमसंगने त्याच वर्षी गॅलेक्सी ए१६ ५जी या त्याहून स्वस्त फोनला सहा आवृत्त्या आणि सहा वर्षांची सुरक्षा अपडेट जाहीर केली, आणि २०२५च्या ए५६लाही तेच दिलं. त्याच सुमारास त्याच किमतीच्या आसपास असेही फोन विकले जात होते ज्यांना दोन किंवा तीन आवृत्त्यांपलीकडे काही मिळणार नव्हतं. खोकी शेजारीशेजारी ठेवली तर हा फरक दिसतसुद्धा नाही. उलट कमी अपडेटवाल्या फोनचा कॅमेऱ्याचा आकडा मोठा असण्याचीच शक्यता जास्त.

इथे एक खाचखळगा आहे. ही वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून. तुम्ही विकत घेतला त्या दिवसाशी त्यांचा संबंध नाही. चार वर्षांचं आश्वासन असलेलं मॉडेल येऊन दीड वर्ष झालं असेल, तर तुमच्या हातात अडीचच वर्षं पडतात. म्हणून मॉडेल कधी आलं ते महिना-वर्षासकट विचारा आणि कागदावर वजाबाकी करा. मग किंमत उरलेल्या वर्षांनी भागा. पैसे मोजकेच असताना याहून उपयोगी हिशेब मला माहीत नाही. थोडा महाग वाटणारा फोन दर वर्षाला स्वस्त निघतो आणि घसघशीत सवलतीतला फोन महाग पडतो, असं पुष्कळदा दिसेल.

आता जागा. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं सगळं काम फोटो आणि फायलींचं आहे आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

१२८ जीबी लिहिलेलं असलं तरी ते सगळं तुमचं नसतं. फोनची स्वतःची यंत्रणा आणि आधीच भरलेली ॲप त्यातला चांगला लचका तोडतात. रोज वह्यांचे फोटो, शिकवणीच्या ध्वनिचित्रफिती, व्हॉट्सॲपवर येणारा सगळा पसारा हे पाहता तुमच्यासाठी २५६ जीबी हाच आकडा धरा. त्याच फोनच्या १२८ आणि २५६ अशा दोन आवृत्त्या असतील तर पैसे दुसरीवर घाला, आणि त्यासाठी कॅमेरा किंवा चिप एक पायरी खालची घ्यावी लागली तरी बेलाशक घ्या. मेमरी कार्ड टाकू असं म्हणाल, तर त्याला मर्यादा आहेत. बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची खाच एकच असते, एकालाच बसता येतं. शिवाय ॲप आणि त्यांचा पसारा मुख्यतः फोनच्या आतल्याच जागेत राहतो, कार्डावर जातात ते फोटो-व्हिडिओ.

किती जागा आहे याइतकंच ती कोणत्या जातीची आहे हे महत्त्वाचं. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची साठवण असते, जरा बऱ्या फोनमध्ये यूएफएस. ईएमएमसी ५.१ची कमाल मर्यादा सेकंदाला साधारण ४०० मेगाबाइट, यूएफएस २.२ची त्याच्या तिप्पट. पण खरा फरक वेगाहून वेगळ्या ठिकाणी आहे. ईएमएमसी एका वेळी एकच काम करते, वाचायचं किंवा लिहायचं. यूएफएस दोन्ही एकदम करू शकते. एकेरी पुलावर समोरून गाडी आली की आपण थांबतो, तसं. माझा मागचा फोन असा होता. चिप चांगली, रॅम भरपूर, तरीही मागे एखादं ॲप अपडेट होत असलं की गॅलरी उघडताना राखाडी चौकोन नुसते दिसत राहायचे, आणि मी अंगठा पडद्यावर टेकवून वाट बघत बसायची. फोन नवा असताना हे जाणवलं नव्हतं. साठवण भरत गेली तसं वाढत गेलं, कारण भरलेली साठवण आणखी मंदावते. तेव्हा फोनच्या माहितीपानावर यूएफएस ही अक्षरं शोधा. तिथे साठवणीचा प्रकारच लिहिलेला नसेल, तर मी तो फोन यादीतून काढून टाकते.

विक्रेत्याच्या सोळा जीबी रॅमचंही इथेच सांगते. मधल्या किमतीत ‘१६ जीबी’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ती आठ अधिक आठ असते. खरी रॅम, म्हणजे चालू ॲपना लागणारी तात्पुरती जागा, आठ, आणि उरलेली आठ म्हणजे साठवणीतलाच एक तुकडा रॅमसारखा वापरायला बाजूला काढलेला. साठवण ही खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ, आणि तेवढी जागा तुमच्या फोटोंमधून वजा होते ती वेगळीच. सेटिंगमध्ये जाऊन ते बंदही करता येतं. तुमच्या कामाला खरी आठ जीबी रॅम पुष्कळ आहे. ‘प्लस’च्या डावीकडचा आकडा तेवढा वाचा.

दिराचा हेतू चांगला आहे, पण दोनशे मेगापिक्सेलने तुमच्या वह्या जास्त स्पष्ट दिसणार नाहीत. फोनमधला प्रकाश टिपणारा तुकडा, म्हणजे सेन्सर, नखाएवढा. त्यावर जितके जास्त ठिपके कोंबाल तितका प्रत्येक ठिपका लहान होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणून फोन शेजारशेजारचे ठिपके एकत्र करून एक मोठा ठिपका बनवतो. सॅमसंगने ऑगस्ट २०१९मध्ये मोबाइलसाठीचा १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला, तोही चार ठिपक्यांचा एक करून २७ मेगापिक्सेलचा फोटो देणारा होता. दोनशेचा सेन्सर सोळांचा एक करतो आणि साडेबारावर येतो. पन्नासचा चारांचा एक करतो, तोही साडेबारावरच येतो. पूर्ण आकड्याचा फोटो वेगळा पर्याय निवडून काढता येतो, पण भर उजेडाशिवाय त्यात राम नसतो आणि फाइल मात्र भलीमोठी होते. जागेची ओढाताण असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाठीवर तीन-चार गोल दिसले म्हणून तेवढे कॅमेरे उपयोगाचे असतात असंही नाही. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) आणि दोन मेगापिक्सेलचा डेप्थ (अंतर ओळखायचा) हे बहुतेकदा संख्या भरून काढण्यासाठी लावलेले असतात. एकच मुख्य कॅमेरा नीट असू द्या, आणि त्याला ओआयएस असू द्या. म्हणजे भिंग किंवा सेन्सर खरोखर हलवून हाताचा कंप सांभाळण्याची सोय. संध्याकाळी दिव्याखाली एका हाताने वही धरून दुसऱ्या हाताने फोटो काढणाऱ्याला ती मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त कामाला येते.

आणि हे दुकानात करून बघता येतं. पिशवीत एक वही घेऊन जा, पेन्सिलने फिकट लिहिलेलं पान असलेली. दाराजवळच्या लख्ख उजेडात न काढता आतल्या बाजूला, जिथे उजेड बेताचा आहे तिथे, दोन्ही पानं मावतील एवढ्या अंतरावरून फोटो काढा. मग फोटो मोठा करून मध्यभाग बघू नका, चारही कोपरे बघा. मध्यभाग सगळ्यांचाच चांगला येतो. कोपऱ्यातली वेलांटी आणि अनुस्वार वाचता आले तर तो कॅमेरा तुमच्या कामाचा. काही फोन रेषा उठावदार करण्याच्या नादात पेन्सिलची फिकट अक्षरं पार पुसून टाकतात, तेही याच पानावर कळेल.

तुमच्यासाठी पुढचा कॅमेराही तितकाच महत्त्वाचा, आणि त्याच्याबद्दल कुणीच बोललेलं दिसत नाही. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा आणि पुढच्या कॅमेऱ्याने अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढा. चेहरा काळा पडतो का बघा. मग ती मागे लावून आवाज ऐका, कारण शिकवणीत मुलं चेहऱ्यापेक्षा आवाजावर जास्त अवलंबून असतात. दुकानातला गोंगाट फोन किती गाळतो आणि त्या नादात तुमचे शब्द खातो का, हे दोन्ही त्यातून समजेल.

बॅटरीचं थोडक्यात. आज मधल्या फोनमध्ये ५००० मिलिअँपिअर-तास हा रूढ आकडा आहे. तेवढी असली की बस, त्याहून मोठी मिळाली तर आनंदच. लिथियमची बॅटरी चार्ज होण्या-संपण्याच्या चक्रांनी थकत जाते आणि उष्णतेने लवकर थकते. किती मिनिटांत भरते यापेक्षा किती चक्रांनंतर मूळच्या ८० टक्के उरते, हा आकडा विचारा. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियम लावला आहे, की तिथे नव्याने विकायला येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतर निदान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. त्या फोनना माहितीची एक पट्टीही लावावी लागते. बॅटरी एका चार्जवर किती तास चालते, किती चक्रं टिकते, पडल्यावर किती तग धरते, दुरुस्त करायला किती सोपा आहे, हे सगळं तिच्यावर असतं. ही माहिती त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही बघता येते. आपण कुठेही राहत असलो तरी तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल तर तिथले आकडे वाचावेत. फक्त मॉडेलचा क्रमांक अक्षरशः जुळतो का ते बघा, कारण एकाच नावाचे फोन वेगवेगळ्या देशांत आतून वेगळे असू शकतात.

याच कारणाने ५जीचे बँडही, म्हणजे सेवा ज्या लहरींवर चालते ते पट्टे, बघून घ्या. तुमची मोबाइल कंपनी कोणत्या बँडवर सेवा देते ते तिला विचारा आणि फोनच्या माहितीपानाशी ताडा. खोक्यावर ५जी आहे, म्हणजे तुमच्या कंपनीचे सगळे बँड आहेत असं नव्हे.

चिपवर डोकं शिणवू नका. गेम खेळत नाही म्हणालात, तेव्हा क्वालकॉम आणि मीडियाटेकच्या मधल्या फळीतली, गेल्या दोन वर्षांतली कुठलीही चिप तुमचं काम आरामात ओढेल. फक्त नावांना भुलू नका. स्नॅपड्रॅगनच्या सात मालिकेत ‘७एस’ ही साध्या ‘७’पेक्षा खालची असते आणि ‘७+’ वरची. एका अक्षराने बरीच उलटापालट होते.

पडद्यासाठी मात्र स्वतःचे डोळे न्या. ॲमोलेड पडद्यात काळा रंग खरा काळा दिसतो आणि रंग खुलतात, म्हणून मीही तोच सुचवते. पण यातले बरेच पडदे अंधारात उजेड कमी करण्यासाठी झपाझप लुकलुकतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. तुम्ही बरंच वाचता, तर उजेड अगदी कमी करून दहा मिनिटं काहीतरी वाचून बघा. त्रास झाला तर चांगला आयपीएस एलसीडी पडदा घेण्यात काही कमीपणा नाही.

आता हात आखडण्याच्या त्या बारीक जागा, ज्या खोक्यावर कधीच नसतात. फोन कानाला लावला की पडदा विझतो, तो वरच्या कडेला असलेल्या एका छोट्या सेन्सरमुळे. काही फोनमध्ये तो खरा सेन्सर गाळून सॉफ्टवेअरवर काम भागवलेलं असतं. मी माझ्या आईसाठी असा एक फोन घेतला होता, नामांकित कंपनीचा, दिसायला देखणा. बोलता बोलता पडदा पेटायचा आणि तिच्या गालाने आवाज बंद करण्याचं बटण दाबलं जायचं. ती बोलत राहायची, मला काही ऐकू यायचं नाही. पलीकडून मी ‘आई, आई’ करत असायची आणि तिला वाटायचं मी तिचं ऐकतच नाहीये. तीन आठवडे आम्ही दोघी नेटवर्कला दोष देत होतो. शेवटी तिच्या घरी गेले, तिने फोन कानाला लावला, आणि तिच्या गालावर पडद्याचा उजेड पडलेला दिसला तेव्हा कारण कळलं. विकत घेताना एक कॉल करून बघितला असता तर हे टळलं असतं, याची मला आजही चुटपुट लागते. म्हणून तुम्ही दुकानातल्या फोनमध्ये आपलं सिम घालू देतात का विचारा, आईला फोन लावा, कानाला लावून मान हलवा, फोन कानापासून दूर-जवळ करा. पडदा लगेच विझतो आणि लगेच पेटतो का ते बघा.

नकाशा वापरत असाल तर होकायंत्राचा आणि जायरोस्कोपचा सेन्सर आहे का, तेही माहितीपानावर पाहा. ते नसले तर उभ्या जागी तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे नकाशाला नीट कळत नाही. फोनवर चित्रपट-मालिका बघत असाल तर ‘वाइडवाइन एल१’ आहे का विचारा; चित्रपटांच्या ॲपना लागणारी ही सुरक्षेची पातळी असते. एल३ असेल तर पडदा कितीही सुंदर असो, बरीच ॲप चित्र साध्या दर्जाचंच दाखवतात.

मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते. तो वाईट सल्ला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भारी फोनचा कॅमेरा, साठवणीचा वेग, पाणी-धुळीपासून संरक्षण हे सगळं आजच्या मधल्या फोनपेक्षा सरस असू शकतं. तुमच्याकडे वरखर्चाला पैसे असते तर मी कदाचित होकार दिला असता. पण ‘त्यावर एक दमडीही नाही’ हे तुमचे शब्द आहेत. त्या फोनची अपडेटची दोन वर्षं उडालेली असणार. वापरलेला असेल तर बॅटरीची बरीच चक्रंही संपलेली, आणि न वापरता खोक्यात पडून असला तरी बॅटरी वयाने थकतेच. एकदा उघडून जोडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण धरून चालता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याचा पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च भारी फोनच्याच हिशेबाने येतो. मधल्या फोनच्या पैशांत घेतलेला भारी फोन पडला की तो सांभाळायलाही भारी फोनचेच पैसे लागतात.

त्याऐवजी मी असं करेन. ज्या मालिकेला लांब अपडेट आहेत, त्या मालिकेचं नवं मॉडेल आलं की आधीच्या वर्षाचं मॉडेल बऱ्याचदा उतरत्या किमतीला मिळतं. तेच, नवं, सीलबंद, २५६ जीबीचं. एका वर्षाने कॅमेरा-चिपमध्ये फारसा फरक पडत नाही. लांब आश्वासन असेल तर एक वर्ष वजा जाऊनही पाच उरतात. पिक्सेलची ए मालिका आणि गॅलेक्सीची ए मालिका यांत आधी शोधा. बाकी कंपन्यांचे फोनही याच वजाबाकीत बसत असतील तर खुशाल घ्या, मला कुठल्या नावाचा आग्रह नाही.

नव्या फोनचे व्हिडिओ बघणं आता बंद करा. त्यातले बहुतेक फोन हातात आल्याच्या पहिल्या काही दिवसांत केलेले असतात. तुमच्या यादीत दोन-तीन नावं उरली की त्यांचे ‘एक वर्ष वापरल्यानंतर’चे अनुभव तेवढे शोधा. अपडेटनंतर बॅटरी कशी राहिली, पडदा हिरवट झाला का, दुरुस्तीला किती दिवस लागले, एवढंच त्यात बघा.

आणि साठवलेले सगळे पैसे फोनमध्ये घालू नका. हल्ली बऱ्याच खोक्यांत चार्जर नसतो. तो नसला तर घ्यावा लागेल, आणि ज्या वेगाने फोन चार्ज होतो त्याला साजेसाच घ्यावा लागेल. कव्हर आणि पडद्यावरची काच यांना पर्याय नाही. तेवढं आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात फोन बघा. वॉरंटीचं काम करणारं अधिकृत दुरुस्ती केंद्र तुम्हाला जाता येईल अशा अंतरावर आहे का आणि नव्या पडद्याला ते किती घेतात, हे फोन घेण्याआधीच त्यांना विचारून ठेवा.

आता वडिलांचे मेसेज. तुम्ही हे शेवटी लिहिलंत, पण मी तुमच्या जागी असते तर दुकानात जाण्याआधी हेच काम उरकलं असतं. साडेतीन वर्षांच्या, साठवण भरलेल्या फोनवर एकच प्रत असणं मला धोक्याचं वाटतं.

आज संध्याकाळीच सुरुवात करा. त्यांच्या चॅटमध्ये जा, एकेक आवाजी मेसेज दाबून धरा आणि ‘शेअर’ करून स्वतःच्या ईमेलला किंवा गुगल ड्राइव्हला पाठवा. ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट असते आणि आवाजाच्या फायली अगदी लहान असतात, त्यामुळे जागेची चिंता नको. फायलींना तारीख आणि एखादा शब्द असं नाव द्या, नाहीतर नंतर नुसती आकड्यांची रांग दिसते. कुणाकडे संगणक असेल तर फोन केबलने जोडून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमधलं ‘व्हॉइस नोट्स’ हे फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या. म्हणजे दोन जागी प्रती झाल्या.

पूर्ण चॅट नव्या फोनवर आणायला २०२३पासून व्हॉट्सॲपमध्येच सोय आहे. दोन्ही फोन अँड्रॉइडचे हवेत आणि नंबर तोच हवा. दोन्ही फोन जवळ ठेवून वायफाय चालू करा. जुन्या फोनवर सेटिंग्ज, मग चॅट्स, मग ‘ट्रान्सफर चॅट्स’ उघडा. नव्या फोनवर व्हॉट्सॲप पहिल्यांदा सुरू करतानाच हा पर्याय घ्या आणि क्यूआर कोड जुळवा. नंतर करू म्हणून पुढे जाऊ नका. जुना फोन चार्जरला लावूनच हे करा, तुमची बॅटरी मध्येच मान टाकेल.

झाल्यावर त्यांचा सगळ्यात जुना मेसेज नव्या फोनवर लावून ऐका, आणि एक मधला, एक शेवटचा. तिन्ही नीट वाजले तरी जुना फोन लगेच पुसू नका, कुणाला देऊही नका. महिनाभर कपाटात असू द्या.